रात्रीचे अश्लील फोन आणि पोलिसांची ‘एनसी’

प्रश्न : दोन महिन्यांपासून रात्री साडेअकरानंतर मला अनोळखी क्रमांकांवरून फोन येतात. कधी नुसता श्वासोच्छ्वास ऐकू येतो, तर कधी किळसवाणे बोलणे. एक क्रमांक ब्लॉक केला की दुसऱ्यावरून फोन येतो. पोलिसांनी एनसी नोंदवून सिमकार्ड बदलण्यास सांगितले. एवढ्यावरच थांबायचे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : थांबू नका, आणि सिमकार्ड तर मुळीच बदलू नका. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तुम्ही सांगता तो प्रकार मात्र दखलपात्र आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे किंवा आवाज करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंडाची शिक्षा आहे. 1 जुलै 2024 पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम 509 होते. ‘आवाज’ हा शब्द कलमातच असल्यामुळे श्वासोच्छ्वासाचे फोनही तक्रारीत जरूर लिहावेत, मात्र त्यामागचा हेतू अश्लील बोलण्याच्या फोनमुळेच स्पष्ट होईल.

पुढच्या फोनला एकदाच, शांतपणे, ‘मला पुन्हा फोन करू नका’ असे सांगा आणि ते रेकॉर्ड करा. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यानंतरही जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करणे हा कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा ठरतो, आणि नकार नोंदलेला असला की ‘तिची हरकत नव्हती’ या नेहमीच्या बचावाला जागा उरत नाही. कॉल-लॉग पुसू नका व मूळ हँडसेट जपून ठेवा, कारण रेकॉर्डिंग न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते.

पोलीस दूरसंचार कंपनीकडून सीडीआर, म्हणजे कॉलच्या तपशिलाची नोंद, मागवू शकतात. त्यात संभाषण नसते, पण वेळ, कालावधी आणि टॉवर असतो. क्रमांक बदलत राहिले तरी हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, तोच असल्यास माग लागतो.

पोलीस एफआयआर नोंदवून घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा आणि पोच जपून ठेवा. कलम 79 च्या गुन्ह्याची माहिती नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम 199 नुसार सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते, याचा उल्लेख त्या अर्जात अवश्य करा. ठाण्यातला सूर पुष्कळदा तेवढ्यानेच बदलतो.