मालकाचा तोंडी शब्द आणि नोंदणी झालेला करार

दादा, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: अक्कलकोट रोडला टॉवेलच्या लूमसाठी शेड घेतलं, ३ वर्षांचा भाडेकरार नोंदवला, त्यात दरवर्षी १० टक्के वाढ. सही करताना मालक म्हणाला, "लिहायचं म्हणून लिहिलंय, मी काय घेणार नाही." वर्ष सरलं, दोन महिने जुनंच भाडं घेतलं आणि आता वाढ मागतोय.

तो शब्द कोर्टात टिकणार नाही. सहीच्या आधी किंवा सही करताना झालेलं बोलणं कागदाच्या विरुद्ध जात असेल, तर त्याचा पुरावाच घेत नाहीत. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९५. चहा प्यायला बसलेले चौघे साक्षीला आणले तरी तेच.

सहीनंतरच्या बोलीचं मात्र वेगळं आहे. एका व्यापाऱ्याचं जॉबवर्क मी करायचो, मजुरी साध्या बाँडवर ठरलेली. दिवाळीच्या तोंडावर त्यानं किलोमागं दोन रुपये वाढवले, तोंडीच, आणि हिशेबाला बसल्यावर हात वर केले. नशीब, मधल्या तीन चलनांवर नवा दर त्याच्याच मुनिमाच्या अक्षरात होता. वकिलानं नोटिशीला ती जोडली, पैसे आले. तो करार कायद्यानं लेखीच हवा असा नव्हता, नोंदवलेलाही नव्हता, म्हणून हे जमलं. तुमचा नोंदवलेला आहे. आता मालक "यंदा राहू दे" म्हणाला तरी दुरुस्तीचा करार नोंदवूनच घ्या. जुन्या भाड्यानं घेतलेल्या त्या दोन महिन्यांची वाढ त्यानं सोडली, असं म्हणायला करार कायद्याच्या कलम ६३ चा आधार आहे. बँकेतल्या नोंदी जपा.

शेडवरचे पत्रे बदलून देतो, असंही मालक सहीच्या दिवशी म्हणाला होता, तिथं तुम्हाला वाव आहे. करार त्याबद्दल गप्प असेल आणि कुठल्या अटीला बाधा येत नसेल, तर असं वेगळं बोलणं सिद्ध करता येतं. फक्त "दुरुस्ती भाडेकरूनं करायची" किंवा "याखेरीज काही ठरलेलं नाही" अशी ओळ आहे का, ते आधी बघा. बहुतेक टायपिस्ट ती न विचारता घालतात.

नसेल तर आजच व्हॉट्सअॅपवर विचारा, "सहीच्या दिवशी ठरलेले पत्रे कधी बदलताय?" "पावसाच्या आत करू" एवढं उत्तर आलं तरी खूप झालं. आणि तो फोन विकू नका, मेसेज कोर्टात द्यायचा तर तो कुठल्या फोनमधून घेतला याचं प्रमाणपत्र सोबत लागतं.