विषयांतर होऊ द्या

लिहिता हात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, बँकेत नोकरी करते. रोज काहीतरी लिहायचं म्हणून वर्षभर पुरतील इतक्या प्रॉम्प्टची, म्हणजे लिहायला चालना देणाऱ्या सूचनांची, एक यादी मोबाइलवर उतरवून घेतली. 'पाऊस', 'माझी आई', 'स्वातंत्र्य म्हणजे काय', 'एकटेपणा' असे विषय होते. सुरुवातीला नेमाने लिहिलं. मग मागची पानं वाचली, तर सगळे दहावीचे निबंध! आता वही उघडावीशीच वाटत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : कमी तुमच्यात नाही, त्या यादीत आहे. मी ठाण्यातल्या शाळेत अनेक वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे तुम्ही म्हणता ते निबंधाचं वळण मला नीट माहीत आहे. विषय दिसला की आपण आधी त्याची व्याख्या करतो, मग महत्त्व सांगतो, एखादं सुभाषित टाकतो आणि शेवटी संदेश देऊन मोकळे होतो. वाट सोडली की समासात लाल शाईने शेरा येतो, 'विषयांतर'. परीक्षेपुरतं ते रास्तच आहे. परीक्षकाला विषयावरचं उत्तर हवं असतं.

प्रॉम्प्टला उत्तर नकोच असतं. तुम्ही जिथे बसला आहात तिथून तुम्हाला उठवायचं, एवढंच त्याचं काम. 'पाऊस' लिहायला घेतलात आणि चौथ्या ओळीत रेनकोटच्या वासावरून शाळेतली एखादी मैत्रीण आठवली, तर पाऊस तिथेच सोडा आणि तिच्यामागे जा. तिच्यावरून तिच्या घरचा जिना आठवला तर जिना चढा. पान संपेपर्यंत पावसाचं नाव पुन्हा आलं नाही तर त्या दिवशी प्रॉम्प्ट कामी आला असं समजा.

ही रीत बाहेरून आली, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. आपल्याकडे समस्यापूर्ती होतीच की! कवीला श्लोकाचा एक चरण द्यायचा आणि उरलेला श्लोक त्याने रचायचा. भोजराजाच्या दरबारातली म्हणून एक गोष्ट सांगतात. राजाने समस्या म्हणून नुसता आवाज दिला : ठंठंठठंठं. अर्थ काहीच नाही. कालिदासाने लिहिलं, राज्याभिषेकाच्या वेळी भान हरपलेल्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून तो असा आवाज करत गेला. (इतिहासाच्या हिशेबात कालिदास आणि भोज एका काळातले नव्हेत. गोष्ट लोकांनी रचली आहे, आणि फार चांगली रचली आहे.) यात ध्वनी म्हणजे काय, त्याचं महत्त्व काय, यावर एक अक्षर नाही. एक हात आहे, एक घडा आहे, पायऱ्या आहेत.

म्हणून तुमच्या यादीतले शब्द फेकू नका, त्यांना घरात आणा. 'एकटेपणा'ऐवजी : घरात कोणी नसताना मी काय खाते? 'माझी आई'ऐवजी : आईच्या कपाटातला खालचा कप्पा. 'स्वातंत्र्य'ऐवजी : घरी न सांगता केलेली पहिली खरेदी. 'पाऊस'ऐवजी : आमच्या इमारतीत पहिल्या पावसात कुठे गळतं आणि तिथे बादली कोण नेऊन ठेवतं? मत मागणारा प्रॉम्प्ट निबंधाकडे नेतो, वस्तू मागणारा गोष्टीकडे.

नौपाड्यात माझ्या घरी शनिवारी काहीजण लिहायला जमतात. एकदा मी प्रॉम्प्ट दिला, 'दारामागे काय टांगलेलं आहे?' तुर्भ्याची एक मुलगी नेहमी म्हणायची, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. तिने आधी छत्री लिहिली, ओढणी लिहिली, किल्ल्यांचा जुडगा लिहिला. आणि मग वडिलांचा हूक. गोणी ओढायला माथाडी कामगार वापरतात तो लोखंडी हूक. वडील मार्केटला कांदा-बटाट्याच्या गोणी उचलायचे. घरी आल्यावर तो हूक लहान भावाच्या हाताला लागू नये म्हणून दारामागे उंच खिळ्याला टांगायचे, आणि तो तिथे दिसला की वडील कामावर नाहीत हे न विचारता कळायचं. पुढे वडिलांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली कसा होता, सदरा शिवताना शिंप्याला ते सांगायला आईला कसं अवघड जायचं, हे सगळं तिने त्याच बैठकीत लिहिलं. 'माझे वडील' असा विषय दिला असता तर तिने 'माझे वडील खूप कष्टाळू होते' असं लिहिलं असतं, आणि तेही खरंच असतं. पण खिळा आला नसता.

आणखी एक. रोज नवा प्रॉम्प्ट घेऊ नका. एकच आठवडाभर वापरा. पहिल्या दिवशी जे सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं, दुसऱ्या दिवशीही थोडंफार तेच. ते संपलं की मग तुमचं स्वतःचं यायला लागतं. वर्षभराची यादी त्याआधीच तुम्हाला पुढच्या विषयावर ढकलते. माझ्या मते यादी घेऊन बसणाऱ्यांचं लिहिणं थांबतं त्याचं मोठं कारण हेच.

प्रश्न : कोपरखैरण्याहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकलने येतो, तिथून गाडी बदलून पुढे घाटकोपर. घरी दोन लहान मुलं. शांत वेळ असा मिळतच नाही. गाडीत मोबाइलवर चार ओळी खरडणं याला लिहिणं म्हणायचं का?

उत्तर : म्हणायचं, आणि तुमच्याकडे जे आहे ते घरी बसून लिहिणाऱ्याकडे नसतं. रोज त्याच वेळी सुटणारी गाडी ही फार मोठी सोय आहे. सवय लावायची तर ती आधीच असलेल्या एखाद्या सवयीला बांधावी. 'वेळ मिळेल तेव्हा' असं ठरवलं की वेळ मिळत नाही.

स्टेशनांनाच घड्याळ करा. कोपरखैरणे सुटलं की प्रॉम्प्ट उघडायचा. घणसोली, रबाळे, ऐरोलीपर्यंत थांबायचं नाही. खोडायचं नाही, मागचं वाक्य सुधारायचं नाही, शुद्धलेखनाकडे बघायचं नाही. ऐरोली आली की अर्धं वाक्य असलं तरी मोबाइल खिशात. पुढे दिघा गाव आणि खाडीवरचा पूल जाईपर्यंत नुसतं बाहेर बघा. अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी तुम्हाला स्वतःच आत ओढतं, कोऱ्या पानाचा धाक राहत नाही.

गाडीत ऐकायचे प्रॉम्प्ट घ्या. आज डब्यात कानावर पडलेलं एक वाक्य, जसंच्या तसं. ते कोण, कोणाला, कशासाठी म्हणालं असेल ते तुम्ही रचा. किंवा समोरच्या माणसाच्या हातात काय आहे. डबा, फाइल, हेल्मेट, नवी कढई. चेहऱ्याचं वर्णन टाळा, फोटो तर मुळीच नको. माणूस ओळखू येईल असं काहीही ठेवू नका. ती माणसं आपल्या लिहिण्यासाठी गाडीत बसलेली नाहीत. उभं राहायलाही जागा नसेल त्या दिवशी फक्त ते एक वाक्य अंगठ्याने टाइप करा. तेवढं केलंत तरी त्या दिवसाचा नेम मोडला नाही.

प्रश्न : प्रॉम्प्ट हवे असतील तर एआयला विचारू का?

उत्तर : विचारा, पण बंधनं मागा. 'एकही विशेषण न वापरता लिही', 'फक्त प्रश्नार्थक वाक्यांत लिही', 'गोष्ट शेवटाकडून सुरू कर' अशा अटी त्याच्याकडून भरपूर मिळतात आणि त्या उपयोगी असतात. माल मात्र मागू नका. तुमच्या गल्लीत दुपारी दोन वाजता कोणाचा कुकर वाजतो हे त्याला ठाऊक नाही. आणि प्रॉम्प्ट त्याचा, लिखाणही त्याचंच, असं होत असेल तर तुम्ही लिहिलंच नाहीत.

प्रश्न : वय ७४. चरईत राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होतो. नातवंडं म्हणतात, आजोबा, जुन्या ठाण्याविषयी लिहा. बसतो, 'माझा जन्म' लिहितो आणि पुढे गाडी सरकत नाही. मी लेखक नाही.

उत्तर : काका, जन्म कोणालाच आठवत नाही. ते वाक्य ऐकीव असतं, म्हणून त्याच्यापुढे काही सुचत नाही. जे हाताला आठवतं तिथून सुरुवात करा.

आधी लिहूच नका, नकाशा काढा. तुमच्या खात्याचा, कागदभर मोठा. दार कुठे, तुमचं बेंच कुठे, व्हाइस (काम घट्ट धरायचा शिकंजा) कोणत्या बाजूला, उजेड कुठून यायचा, शेजारी कोण उभं असायचं, साहेबांची काच कुठून दिसायची. प्रत्येक जागेवर नाव किंवा टोपणनाव घाला. मग रोज एका जागेवर बोट ठेवा आणि तिथलं लिहा. कानस, हात पुसायचं कॉटन वेस्ट, पाळी सुटतानाचा भोंगा, डबा उघडल्यावर कोणाची भाजी कोणाकडे जायची. घरी आल्यावर हातांचा वास कशाने जायचा आणि कशाने जायचा नाही, यावरच एक वही भरेल.

दुसरी युक्ती, प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात 'मला आठवतं' अशी करायची. जो ब्रेनार्ड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९७० साली असं पूर्ण पुस्तकच काढलं, आणि जगभर लेखनवर्गांत ही रीत अजून वापरतात. तुमच्या आजीला मात्र ती त्याच्याही आधी ठाऊक असणार. जात्यावर बसल्यावर 'पहिली माझी ओवी', 'दुसरी माझी ओवी' असं म्हणत बायका पुढे जायच्या. सुरुवातीचे शब्द ठरलेले, त्यामुळे त्यांची चिंता नाही. दळण पुढे सरकायचं तशी मनातली माणसं एकेक करून ओवीत यायची, माहेर यायचं, भाऊ यायचा. तुम्हीही 'मला आठवतं' लिहा आणि पुढचं येईल ते येऊ द्या. क्रम लावू नका. तलावपाळी, मग एकदम १९७८ साली झालेलं गडकरी रंगायतन, मग परत बेंच, असं झालं तरी चालेल.

सनावळीसाठी अडू नका. एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत, असल्या गोष्टी छापील मिळतात. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्या गावातच आहे, ते बघता येईल सावकाश. तुमच्या शेजारच्या बेंचवरचा माणूस कामाला हात लावण्याआधी काय पुटपुटायचा, हे मात्र तिथल्या कुठल्याच कपाटात नाही. ते तुम्ही लिहिलंत तरच राहील, आणि म्हणून मी तुम्हाला कळकळीने सांगते आहे की याच आठवड्यात तो नकाशा काढा. लेखक आहात की नाही याचा विचार कधीही करता येईल.

प्रश्न : घणसोलीच्या आमच्या सोसायटीत आम्ही काही बायकांनी महिन्यातून दोनदा एकत्र लिहायचं ठरवलंय. काय काळजी घ्यावी?

उत्तर : प्रॉम्प्ट आधी व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तिथल्या तिथे द्या. आधी कळला की घरून निबंध तयार होऊन येतो. जिच्या घरी बैठक, तिने घरातली एक वस्तू मध्ये ठेवायची, दहा मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, तिनेही. मग एकेकीने वाचायचं. वाचून झाल्यावर 'छान' म्हणायचं नाही, सुचवण्याही करायच्या नाहीत. ऐकताना जे वाक्य मनात राहिलं, ते फक्त म्हणून दाखवायचं. आपलं कोणतं वाक्य दुसरीच्या लक्षात राहतं, हे कळण्यासारखं शिक्षण नाही. ज्यांना वाचायचं नसेल त्यांना आग्रह नको, आणि बैठकीत वाचलेलं सोसायटीच्या ग्रुपवर जाता कामा नये. चहा वाचनानंतर, आधी ठेवलात तर गप्पांतच वेळ जाईल.

घणसोलीत तुमच्यापैकी बऱ्याचजणी दुसरीकडून राहायला आल्या असतील, कोणी परळहून, कोणी साताऱ्याहून, कोणी चिपळूणहून. पहिल्या बैठकीला वस्तू सुचली नाही तर हा प्रॉम्प्ट घ्या : जुन्या घरून आणायची राहून गेलेली एक गोष्ट.