लाकडी प्रोपेलरचे बोल्ट पुन्हा पुन्हा सैल का होतात?

प्रश्न : आम्ही काही निवृत्त अभियंते हडपसरजवळच्या एका शेडमध्ये दोन आसनी विमान बांधत आहोत. इंजिनाला मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र) असून प्रोपेलर लाकडी आहे. सप्टेंबरात निर्मात्याने दिलेल्या मापानेच बोल्ट आवळले होते. मार्चमध्ये इंजिन चालवताना थरथर जाणवली आणि पाहिले तर बोल्ट सैल निघाले. एका पात्याच्या पुढच्या कडेचा खडा लागून टवकाही उडाला आहे. बोल्ट जरा जास्तच आवळून टाकावेत का? तसेच बॅटरी उतरली असल्यास प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करणे कितपत योग्य आहे?
– एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : ठरलेल्या मापापेक्षा जास्त मुळीच आवळू नका. आपण सांगता त्यावरून बोल्टखालचे लाकूड आक्रसलेले दिसते. पावसाळ्यात वाड्याचे दार फुगून चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात तेच सहज मिटते. प्रोपेलरच्या मध्यभागाची जाडीही पुण्याच्या हवेत अशीच कमीजास्त होते. सप्टेंबरात फुगलेल्या लाकडावर दिलेला ताण मार्चच्या कोरड्या हवेत उरत नाही. उलट उन्हाळ्यात गच्च आवळलेले बोल्ट पावसाळ्यात लाकडाचे तंतू चिरडतात आणि ते लाकूड वाळले की पकड आधीपेक्षाही ढिली होते.

ही ढिलाई किरकोळ समजू नये. इंजिनाची ताकद लाकडी प्रोपेलरला मुख्यतः फ्लँज (प्रोपेलर जिच्यावर बसतो ती इंजिनाच्या दांड्याची चकती) आणि लाकूड यांच्यातील घर्षणातून मिळते. दाब कमी झाला की सिलिंडरमधल्या प्रत्येक झटक्याबरोबर लाकूड किंचित घसरते, घासून तापते, काळवंडते, आणि शेवटी सगळा भार बोल्टवर येऊन ते तुटू शकतात. म्हणून नुसता पाना लावण्याआधी प्रोपेलर उतरवून त्याची मागची बाजू उजेडात नीट पाहा. जळकट डाग, भोकांच्या कडेला तडे किंवा लांबट झालेली भोके दिसली, तर तो प्रोपेलर वरून कितीही देखणा असला तरी निर्मात्याने तपासून योग्य ठरवल्याशिवाय पुन्हा बसवू नका.

सारे ठीक असेल तर समोरासमोरचे बोल्ट जोडीने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. नंतर एका पात्याच्या टोकाशी स्थिर खूण ठेवून दुसरे पाते तिथे आणा. लाकडी प्रोपेलरच्या दोन टोकांतील पुढे-मागे फरक साधारण ३ मिलिमीटरच्या आत असावा. हे जमल्यावरच बोल्ट फिरू न देणारी लॉकिंग वायर घाला. इंजिन पहिल्यांदा चालवल्यावर आणि पुढे प्रत्येक ऋतुबदलाला, विमान शेडमध्येच उभे राहिले असले तरी, ताण पुन्हा तपासा. उभे असताना प्रोपेलर आडवा ठेवावा, म्हणजे ओल खालच्या पात्यात उतरून तोल बिघडत नाही.

टवका फक्त वार्निशचा असेल तर जागा वाळवून ती वार्निशने बंद करावी आणि तोल पाहावा. लाकूडच फुटले असेल तर घरी डिंक भरू नये. सुमारे १.७ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २५०० फेऱ्या घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर असतो. त्या वेगात निघालेला तुकडा कोणालाही चुकवता येणार नाही. यापुढे इंजिन खडीवर चालवू नका, काँक्रीटवर चालवा.

हाताने सुरू करण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : करू नका. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. स्विच बंद केल्यावर एक तार त्याला इंजिनाच्या धातूच्या अंगाशी जोडून (ग्राउंड करून) ठिणगी थांबवते, इतकेच. ती तार तुटलेली असेल तर स्विच बंद दिसत असूनही पाते जरासे हलवताच इंजिन सुरू होऊ शकते. त्यामुळे बोल्ट तपासतानाही चाकांच्या पुढे-मागे अडसराचे ठोकळे लावा, शेपूट बांधा, प्लगच्या वायरी काढा आणि पात्यांच्या वर्तुळात कोणालाही उभे राहू देऊ नका. ती तार शाबूत आहे का, हे इंजिन बंद करण्यापूर्वी मंद गतीवर असताना स्विच क्षणभर बंद करून पाहता येते. इंजिन लगेच बंद पडू लागले पाहिजे. ते चालूच राहिले, तर इंधन तोडून इंजिन थांबवा आणि तार दुरुस्त होईपर्यंत प्रोपेलरला हात लावू नका. उतरलेली बॅटरी मात्र चार्जरवर लावा. त्यात फार तर एक सकाळ जाईल.