‘झणझणणे’ : नाद कोणाचा, कंप कशाचा?

‘तुणतुण्याचा आवाज झणझणला’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘झणझणणे’ हे क्रियापद मुळात आवाजाचे की चवीचे, असे आपण विचारले आहे. वाक्य अगदीच चूक नाही, पण मी ‘तुणतुण्याची तार झणझणली’ असे लिहीन, कारण या अकर्मक क्रियापदाला प्रत्यक्ष कंप पावणारी वस्तूच कर्ता म्हणून शोभते.

तुणतुण्याला एकच तार असते. ती छेडली की दोन तारा असाव्यात तशी क्षणभर पुसट दिसते, आणि तशी दिसते तोवरच तिचा नाद टिकतो. बोट टेकवले की दोन्ही एकदमच थांबतात. आघात होऊन गेल्यावर मागे रेंगाळणारी ही थरथर म्हणजे झणझण. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर काशाचे ताट घेताना जाणती बाई ते बोटांच्या टोकांवर तोलते आणि टिचकी मारते : ताट चांगले असेल तर झणझणत राहते, चीर गेलेली असेल तर बद्द वाजते.

‘खणखणणे’ यात आघात स्वच्छ आणि तुटक ऐकू येतो, म्हणून नाणे खणखणते. मोठी घंटा घणघणते. ढोल दणदणतो, पण दणाणते ती पेठ.

आता चवीविषयी. झणझणीत तांबड्या रश्श्याचा घोट गिळून झाला तरी जिभेवर आणि कानशिलांत काही वेळ जे उरते, ते छेडलेल्या तारेसारखेच असते. मुंग्या आलेला पाय किंवा चपराक बसलेला गाल झणझणतो, तोही याच न्यायाने. म्हणून मी नादाचा अर्थ मूळ आणि चवीचा त्याचा विस्तार मानतो. संस्कृतातला ‘झणत्कार’ही दागिन्यांच्या नादासाठी येतो. बोलताना मात्र ‘रस्सा झणझणतो’ असे कोणी म्हणत नाही. रस्सा झणझणीत असतो, झणझणते ते तोंड. (जुन्या काव्यातले ‘झणी’ म्हणजे लवकर आणि ‘झणें’ म्हणजे न जाणो, अर्थाच्या दृष्टीने त्यांचा या नादाशी संबंध जोडू नये.)

‘भीतीने त्याचा आवाज झणझणत होता’ हे आपले दुसरे वाक्य मात्र बदलावे. भीतीने माणसाचा आवाज कापतो किंवा थरथरतो. झणझणायला धातू, तार किंवा मार खाल्लेले अंग लागते.