स्वस्त जुनी गाडी घ्यावी का?

प्रश्न : आमच्या घरात आजवर चारचाकी नव्हती. वडिलांना आता दुचाकीवर मागे बसवत नाही आणि त्यांना आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी न्यावे लागते. ओळखीतून एक चौदा वर्षांची पेट्रोल गाडी फारच कमी किमतीत मिळते आहे. मालक सांगतात की गाडी बहुतेक वेळ उभीच असते. मीटरवर ६२,००० किलोमीटर दिसतात आणि रंग नुकताच दिलेला आहे. कर्ज काढायचे नाही, आणि आमच्याकडे बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ गाडीच्या किमतीएवढीच आहे. भाऊ म्हणतो, अशी संधी पुन्हा येणार नाही. आई म्हणते, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होईल. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात गाडीविषयी तीन गोष्टी जमेच्या म्हणून आल्या आहेत : कमी किलोमीटर, नवा रंग आणि कमी किंमत. या तिन्ही गोष्टींची आधी चौकशी व्हायला हवी, असे माझे मत आहे. मात्र मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती हातातली सगळी रक्कम किमतीतच संपणार आहे, या आपल्या वाक्याची. त्यामुळे आधी त्याविषयी लिहितो.

चौदा वर्षांची गाडी कितीही चांगली असली तरी घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती पैसे मागते. आधीच्या मालकाने विकायचे ठरवल्यापासून सहसा मोठा खर्च केलेला नसतो आणि पुढे ढकललेली ती सगळी कामे नव्या मालकाच्या वाट्याला येतात. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, सस्पेन्शनमधले रबरी बुश, सगळी ऑइले आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) यांपैकी निम्मी कामे जरी एकदम निघाली, तरी अगदी स्वस्त गाडीच्या बाबतीत हा खर्च किमतीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून किंमत आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती यांची बेरीज हीच त्या गाडीची खरी किंमत समजावी, आणि ती बेरीज आपल्या रकमेत बसत नसेल तर गाडी आपल्याला परवडणारी नाही, असे समजून विषय संपवावा. हातातल्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी राखून उरलेल्या पैशांत जी गाडी बसेल तीच पाहावी, असे मी सुचवेन.

आता किलोमीटरविषयी. चौदा वर्षांत ६२,००० म्हणजे वर्षाला साधारण ४,४०० किलोमीटर. एवढे कमी चालणे अशक्य नाही, परंतु मीटर मागे फिरवलेला असू शकतो, हेही विसरू नये. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंगचे आवरण चकाकत असेल आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड दबून फाटली असेल, तर मीटरवरचा आकडा आणि गाडीची झीज यांचा मेळ बसत नाही. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांवर तारखेसोबत किलोमीटर लिहिलेले असतात. त्या क्रमाने लावून पाहाव्यात. पावत्या नीट जपून ठेवणाऱ्या मालकाची जास्त चाललेली गाडी मला बिनपावतीच्या कमी चाललेल्या गाडीपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

आकडा खरा निघाला तरी फार काळ उभी राहिलेली गाडी म्हणजे न झिजलेली गाडी नव्हे. रबर चालण्याने झिजते, तसे वयानेही कडक होते आणि त्याला भेगा पडतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरच्या आसपास किंवा ठरावीक वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायचा असतो. आपण पाहिलेल्या गाडीची वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली असणार. (काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते, तेव्हा मॉडेल पाहून खात्री करावी.) पुष्कळ इंजिनांत चालू असताना हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि बेल्टच्या खर्चाच्या जागी इंजिन उघडण्याचा खर्च उभा राहतो. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे.

टायरचे वय त्याच्या भिंतीवरच छापलेले असते. डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असे असेल तर तो टायर २०१७ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. हे आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे बाहेर दिसले नाहीत तर वाकून आतल्या बाजूला पाहावे. नक्षी खोल दिसत असली तरी दहा वर्षांपुढचा टायर वापरू नये.

गाडी पाहायला सकाळी, स्वच्छ उजेडात जावे आणि आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर इंजिन आपण येण्याआधीच सुरू करून ठेवले होते, आणि गार इंजिन सुरू होतानाच सापडणारे दोष आपल्याला दिसणार नाहीत. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. इंजिन गार असतानाच ऑइल भरायच्या जागेचे झाकण उघडून आतून पाहावे. तेथे दुधाळ, फेसाळ थर असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ऑइलमध्ये मिसळत असण्याची, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधला सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेल्याची शक्यता असते. मात्र थंड हवेत अगदी थोडे अंतर चालणाऱ्या गाडीतही असा पातळ थर वाफेमुळे जमतो, म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) ओढून तिच्यावरचे ऑइलही पाहावे. रेडिएटरचे झाकण उघडायचे तर तेही इंजिन गार असतानाच. गरम असताना उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. मग किल्ली फिरवावी, पण स्टार्टर लगेच मारू नये. या क्षणी इंजिन, ऑइल, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग यांचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळात विझले पाहिजेत. जो दिवा मुळीच लागत नाही तो कोणीतरी बंद करून ठेवलेला असू शकतो. त्यानंतर इंजिन सुरू करून एकाने मागे सायलेन्सरपाशी उभे राहावे. सुरुवातीची थोडी वाफ काळजीची नसते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत शिरते आहे.

नवा रंग मला आवडलेला नाही. विकायच्या आधी पूर्ण गाडीला रंग देण्याचा खर्च मालक का करतो, हे त्यांना सरळ विचारावे. दारांच्या रबरी पट्ट्यांवर रंगाचे शिंतोडे, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आणि दोन पत्र्यांमधली कमी-जास्त फट या अपघाताच्या खुणा असतात. साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून लोखंडी पत्र्यावरून फिरवले आणि एखाद्या ठिकाणी ते धरेनासे झाले, तर खाली पुटी (पत्र्यावरचे खड्डे बुजवायचा लेप) आहे. त्याहून महत्त्वाचा आहे गंज. दारांखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा आणि शॉकअॅब्सॉर्बर वर जेथे बसतात तो भाग गंजून पोकळ झाला असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये; इंजिन दुरुस्त होते, पण सांगाडा खचलेल्या गाडीत आजारी माणसाला बसवणे योग्य नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढूनही पाहावेत. आत चिखलाचा डाग किंवा कुबट वास आढळला तर गाडी पुरात भिजलेली असू शकते.

एवढे सगळे ठीक दिसले तरच पैसे देऊन आपल्या बाजूचा मेकॅनिक आणावा. मालकांनी सुचवलेला नको. त्याने गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी, कॉम्प्रेशन (इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब) तपासावे, स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र) लावावा आणि लगेच करायच्या कामांचा अंदाज लेखी द्यावा. स्कॅनरवर एकही दोष दिसला नाही, पण गाडीचा संगणक स्वतःच घेतो त्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर दोषांची नोंद नुकतीच पुसलेली असण्याची शंका घ्यावी. मालकांनी तपासणीलाच नकार दिला तर पुढे बोलू नये.

वडिलांना मात्र खरेदीआधी एकदा त्या गाडीत बसवून पाहाच. बुटक्या गाडीच्या सीटवरून उठताना गुडघ्यांवर फार जोर येतो आणि ही अडचण कोणत्याही मेकॅनिकच्या अहवालात येत नाही. शिवाय आठवड्याच्या दोन फेऱ्यांसाठी भाड्याची गाडी केल्यास वर्षाला किती खर्च येईल, तो आकडा कागदावर मांडावा. आपण सांगितलेल्या परिस्थितीत, म्हणजे दुरुस्तीसाठी काहीच शिल्लक नसताना, मी ही गाडी घेणार नाही. काही महिने भाड्याच्या गाडीवर काढून रक्कम वाढवेन. किंमत बरीच खाली आली आणि मेकॅनिकचा लेखी अंदाज उरलेल्या पैशांत बसला, तरच माझे मत बदलेल.

प्रश्न : एक जुनी गाडी चालवून पाहिली, आवडली. विक्रेते म्हणतात, आणखी दोन गिऱ्हाइके आहेत, आजच विसार द्या. कागदपत्रे दोन दिवसांनी दाखवतो म्हणतात. विसार द्यावा का?

उत्तर : देऊ नये. कागद पाहिल्याशिवाय विक्रेते मालक आहेत की नाहीत हेच आपल्याला ठाऊक नाही, मग विसार कोणाला देणार? कागदावरचा चासी (गाडीच्या सांगाड्याचा) क्रमांक आणि गाडीवर कोरलेला क्रमांक एकेक अक्षर ताडून पाहावा. १९८०च्या दशकापासून बहुतेक गाड्यांवर तो १७ अक्षरांचा व आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. ती दिसली, किंवा क्रमांकाभोवतीचा पत्रा घासलेला वा पुन्हा वेल्ड केलेला दिसला, तर तेथून निघावे. गाडीवर कोणाचे कर्ज बाकी नाही, याचा लेखी पुरावाही मागावा. कागद जुळल्यावर विसार द्यायचाच असेल तर थोडी रक्कम द्यावी, आणि मेकॅनिकच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास ती परत मिळेल, हे पावतीवर लिहून विक्रेत्यांची सही घ्यावी.