वाचकांचे प्रश्न : यंत्र सरस असूनही हरते, तेव्हा

प्रश्न : १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांविषयी वाचताना एक गोष्ट खटकते. चित्र, ध्वनी आणि एकाच वेळी अनेक कामे करण्याची क्षमता या तिन्ही बाबतींत कमोडोर या अमेरिकी कंपनीचा अमिगा हा संगणक प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे होता, असे बहुतेक जण लिहितात. तरीही तो टिकला नाही. त्याचे ठरावीक कारण दिले जाते की, कंपनीने त्याला पाठबळ दिले नाही. हे पाठबळ म्हणजे नेमके काय? जाहिरातीच ना?

उत्तर : जाहिरात हा पाठबळाचा सर्वांत ठळक दिसणारा आणि, माझ्या मते, सर्वांत कमी कामाचा भाग आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या टीआय-९९/४ए या संगणकाच्या जाहिरातींसाठी बिल कॉस्बी हा घरोघरी परिचित असलेला नट आणला होता, तर आयबीएमने पीसीज्युनिअरसाठी चॅप्लिनच्या भटक्याचे पात्र वापरून मोठी मोहीम चालवली होती. पहिल्या संगणकातून कंपनीने ऑक्टोबर १९८३ मध्ये अंग काढून घेतले आणि दुसऱ्याचे उत्पादन मार्च १९८५ मध्ये थांबवले गेले. अमिगाचे अनावरणही जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये थाटामाटात झाले होते आणि तेथे अँडी वॉरहॉल यांनी डेबी हॅरी यांचे चित्र त्याच संगणकावर रंगवून दाखवले होते.

घरगुती संगणक घेणारा माणूस त्या यंत्रावर पुढच्या काही वर्षांत काय काय चालेल या आशेवर पैसे टाकत असतो, आणि ती आशा खरी करणारे प्रोग्रामर बहुधा कंपनीबाहेरचे असतात. त्यामुळे त्यांना यंत्राची आतली माहिती मिळते की नाही, हा पाठबळाचा पहिला भाग होय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथेच घात करून घेतला. त्या वर्गातील बहुतेक संगणक ८ बिटांचे असताना त्यांचा प्रोसेसर १६ बिटांचा, म्हणजे एका वेळी दुप्पट माहिती हाताळणारा, होता (त्याची ताकद इतर रचनेने बरीच वाया घालवली, ही गोष्ट वेगळी). यंत्र स्वस्तात विकावे आणि नफा कार्ट्रिजवर (प्रोग्राम साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या डब्यांवर) कमवावा, असे कंपनीचे गणित होते. म्हणून तिने तांत्रिक तपशील हातचे राखले, आणि १९८३ मध्ये तर परवाना नसलेल्या बाहेरच्या कंपन्यांची कार्ट्रिज चालू नयेत अशी व्यवस्था केलेली आवृत्तीही बाजारात आणली. कमोडोरशी चाललेल्या भावयुद्धात त्या संगणकाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास घसरल्यावर यंत्रावर तोटा आणि सॉफ्टवेअरचा तुटवडा अशी दुहेरी अडचण उभी राहिली. एकेका तिमाहीत दहा कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

अटारीनेही १९७९ मध्ये आपले ४०० आणि ८०० हे संगणक आणले तेव्हा आतल्या रचनेविषयी असेच मौन पाळले होते, परंतु तिने वेळीच धोरण बदलले. ख्रिस क्रॉफर्ड यांच्या नेतृत्वाखालील गटाने बाहेरच्या प्रोग्रामरना त्या संगणकांतील चिपांचा वापर शिकवला, आणि १९८१ पासून कंपनीने सामान्य वापरकर्त्यांनी लिहिलेले प्रोग्रामही स्वतःच्या यादीतून विकायला सुरुवात केली. कमोडोरने ६४ या संगणकासाठी काढलेल्या संदर्भपुस्तिकेत तर यंत्राचा विद्युत्-आराखडाही छापला होता. ज्या कंपनीवर पुढे पाठबळ न दिल्याचा ठपका आला, तिने एकेकाळी ही बाब इतरांपेक्षा चांगली सांभाळली होती, हे विसरले जाते.

मग अमिगाच्या बाबतीत काय बिनसले? त्याचे मूळ त्याच ६४ च्या यशात आहे. १९८२ मध्ये ५९५ डॉलरला आलेला हा संगणक १९८३ मध्ये दोनशे डॉलरच्या आसपास आला आणि खेळण्यांच्या व घरगुती सामानाच्या मोठ्या साखळी दुकानांत विकला जाऊ लागला. ज्या छोट्या संगणक-विक्रेत्यांनी जुन्या भावाने माल भरला होता, ग्राहकांना यंत्र लावून दिले होते आणि त्यांच्या शंकांना उत्तरे दिली होती, त्यांच्या हाती तोट्यातला साठा राहिला. खप प्रचंड वाढला, पण दोनच वर्षांनी १२९५ डॉलरचा अमिगा आला, आणि असे महाग, अनोळखी यंत्र समजावून सांगून विकण्यासाठी नेमके तेच विक्रेते हवे होते. त्यांचा कमोडोरवरचा विश्वास उडालेला होता. गंमत अशी की, ते भावयुद्ध पेटवणारे जॅक ट्रॅमिएल १९८४ च्या जानेवारीत कमोडोर सोडून त्याच वर्षी अटारीच्या संगणक विभागाचे मालक झाले होते, त्यामुळे प्रतिस्पर्धी अटारी एसटीलाही अमेरिकेतील विक्रेत्यांकडे तीच शंकेची नजर वाट्याला आली.

दोष यंत्राचा होता की पाठबळाचा, हे तपासण्याची एक सोय इतिहासाने करून ठेवली आहे, कारण हेच संगणक वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या हातांनी विकले गेले. ब्रिटन आणि जर्मनीतील कमोडोरच्या उपकंपन्यांनी १९८७ मध्ये आलेल्या अमिगा ५०० ची किंमत, त्याच्यासोबत द्यायचे सॉफ्टवेअर आणि दुकाने यांचा स्वतंत्र विचार केला. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये बॅटमॅनच्या खेळासह विकलेला संच अतिशय गाजला. अटारीनेही १९८८ च्या सुमारास मेमरी चिपांची टंचाई असताना आपला बराचसा माल युरोपकडे वळवला, त्यामुळे एसटी तेथे संगीतकारांच्या आणि छपाईच्या कामात रुजला, तर अमेरिकेतील ग्राहक ताटकळले. अमेरिकेत अमिगाला मोठा आधार मिळाला तो १९९० मध्ये न्यूटेक या बाहेरच्या कंपनीने आणलेल्या व्हिडिओ टोस्टरमुळे, म्हणजे दूरचित्रवाणीचे काम करणाऱ्या एका मर्यादित वर्गात. यंत्र तेच आणि वर्षेही तीच असताना निकाल इतके निराळे लागावेत, हा पुरावा मला निर्णायक वाटतो.

तरी युरोपातील विक्रीकौशल्यालाही एक मर्यादा होती. पुढच्या पिढीच्या चिपा अमेरिकेतील मूळ कंपनीनेच बनवायच्या होत्या, आणि १९८८ मध्ये हाती घेतलेला ‘एएए’ चिपसंच कधीच बाजारात आला नाही. १९९२ मध्ये अमिगा १२०० आला तोपर्यंत स्वस्त झालेल्या पीसीने अंतर भरून काढले होते. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोरने दिवाळे जाहीर केले.

प्रश्न : पाठबळ इतके निर्णायक असेल, तर सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक कसा चालला? त्याच्या ग्राहकांना तर यंत्र हाती पडायलाच फार वाट पाहावी लागली होती.

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. १९८२ मध्ये १२५ पौंडांपासून मिळणाऱ्या स्पेक्ट्रमची पोच रखडली आणि कळफलकाची तर थट्टाच झाली; परंतु किंमत एवढी कमी होती की, अल्पावधीत तो असंख्य घरांत पोहोचला, आणि ग्राहकांची गर्दी दिसताच खेळ लिहिणारे आपोआप आले. शिवाय सोबतच्या पुस्तिकेत स्मृतीचा नकाशा आणि प्रणालीतील चलांची यादी दिलेली होती, म्हणजे शिकू पाहणाऱ्याला दार उघडे होते. याउलट बीबीसी मायक्रो महाग असूनही चालला, कारण त्याच्यामागे बीबीसीची दूरचित्रवाणी मालिका आणि शाळांच्या खरेदीचा निम्मा खर्च उचलणारी सरकारी योजना होती. तो बनवणाऱ्या एकॉर्न या कंपनीला सुरुवातीला सुमारे १२,००० यंत्रे खपतील असे वाटले होते, प्रत्यक्षात दहा लाखांहून अधिक खपली. सिंक्लेअरची उदासीनता मात्र पुढच्या यंत्राला भोवली. १९८४ मध्ये क्यूएल हा संगणक पुरता तयार नसतानाच जाहीर झाला, आणि तेव्हा त्या उणिवा झाकणारी स्वस्ताई किंवा खेळांचा साठा त्याच्यापाशी नव्हता. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ॲमस्ट्रॅड या प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीने ५० लाख पौंडांना घेतला.

प्रश्न : कंपनीला एखादे यंत्र सोडून द्यायचेच असेल, तर जुन्या ग्राहकांना न दुखवता ते करता येते का?

उत्तर : न दुखवता करणे अवघड आहे, पण दुखणे कमी करता येते. १९८४ मध्ये कमोडोरने प्लस/४ आणला आणि त्यावर ६४ चे सॉफ्टवेअर चालत नव्हते. लाखो घरांत साठलेल्या फ्लॉपी आणि कॅसेटी नव्या यंत्रावर निरुपयोगी ठरल्या, आणि तो संगणक लवकरच सवलतीच्या भावात फुंकून टाकावा लागला. ॲपलने मॅकिंटॉश आल्यावर आपल्या ॲपल २ कडे पुष्कळ दुर्लक्ष केले, आणि त्याच्या चाहत्यांचा त्याबद्दलचा राग गैर म्हणता येणार नाही. तरीही १९७७ पासून त्या मालिकेच्या संगणकांत विस्तारासाठी ठेवलेल्या खाचा आणि उघडपणे छापलेली तांत्रिक माहिती यांच्या जोरावर बाहेरच्या कंपन्या त्यासाठी नवी कार्डे बनवत राहिल्या. पुढे १९९१ मध्ये ॲपलने स्वतःच मॅकिंटॉश एलसीमध्ये बसणारे एक कार्ड आणले, ज्यामुळे शाळांना आपले जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालवता आले. ॲपल २ई चे उत्पादन त्यानंतरही सुरू होते. ते १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये थांबले.