मुलीच्या वहीवर रोज सही करणे थांबवा

सप्रेम नमस्कार.

विट्याहून आलेले आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. आपली मुलगी सांगलीच्या महाविद्यालयातून मराठी विषय घेऊन पदवीधर झाली आहे आणि तिला कथालेखन करायचे आहे. आपण विरोध न करता तिला वर्षभराची मुदत दिली. तेवढ्यात पुस्तक प्रसिद्ध झाले नाही तर स्थळे पाहायची, असे ठरले. त्यासाठी भिंतीवर वेळापत्रक लावले: पहाटे पाच ते सात लेखन, रोज 1,000 शब्द, आणि रात्री जेवणानंतर आपण वही तपासून तारखेनिशी सही करता. सुरुवातीला तिने भरभरून लिहिले, गेल्या 3 महिन्यांत मात्र एकही कथा पूर्ण झालेली नाही. आता एक प्रकाशक 45,000 रुपयांत 300 प्रती काढून देण्यास तयार आहे. ते पैसे भरावेत का, आणि मुलीचा उत्साह व शिस्त टिकवण्यासाठी आणखी काय करावे, असे आपण विचारता.

पैशांचे नंतर पाहू. मला काळजी वाटते ती रात्रीच्या त्या सहीची. लेखनाचे नाव काढताच मुलीचा आवाज बंद करणारी घरे मी पाहते, त्यामुळे आपण तिच्या बाजूने उभे राहिलात याचे मोल मला ठाऊक आहे आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते की, ती लिहायची थांबली याचे सर्वांत मोठे कारण ही तपासणी असावी. कथेचा पहिला खर्डा कच्चा असतो. त्यात फसलेली वाक्ये असतात, अर्धवट सोडलेले प्रसंग असतात, आणि पुष्कळदा घरातल्याच माणसांविषयीचा राग-लोभ असतो. ज्या पानावर रात्री वडिलांची नजर फिरणार आहे, त्या पानावर बावीस वर्षांची मुलगी आत्याविषयी, स्वतःच्या लग्नाविषयी किंवा खुद्द वडिलांविषयी मनातले लिहू शकत नाही. मग ती कोणालाही न दुखावणारी वाक्ये लिहिते, ती तिची तिलाच खोटी वाटू लागतात, आणि एके दिवशी हात थांबतो. आपण पत्रात याला आळस म्हटले आहे. मला तो आळस दिसत नाही.

आपला व्यवसाय यंत्रमागाचा आहे. मागावरचे मीटर मोजले की दिवसाचे काम कळते. कथेचे तसे होत नाही. चार पाने खोडून एक परिच्छेद उरला, तर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो दिवस सार्थकी लागलेला असतो, पण आपल्या हिशेबात तो रिकामा ठरतो. शिस्त तिला हवीच, मात्र ती तिची तिने ठरवलेली हवी. पहाटेची वेळ तिला मानवत नसेल तर रात्रीची घेऊ द्या. भिंतीवरचे वेळापत्रक काढा आणि तिने स्वतःहून दाखवल्याशिवाय वही उघडू नका. लग्नाचा विषयही पुस्तकापासून वेगळा करा. पुस्तक झाले नाही याची शिक्षा म्हणून स्थळ पाहणे, हे तिच्या लेखनावरही अन्याय करणारे आहे आणि तिच्या संसारावरही.

मुदतीच्या मुळाशी एक गैरसमज आहे: पुस्तक निघाले की मुलगी लेखिका झाली आणि तिचे करिअर मार्गी लागले. मराठीत कथासंग्रहाची आवृत्ती बहुधा 500 ते 1,000 प्रतींची असते. 200 रुपये किमतीच्या पुस्तकावर 10 टक्के मानधन मिळाले आणि 500 प्रती शेवटपर्यंत खपल्या, तरी लेखकाच्या हाती 10,000 रुपये येतात, तेही सावकाश. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पहिले पुस्तक आयुष्यात एकदाच निघते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशांसाठीच आहे, आणि राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा विभाग स्वतंत्र असतो. घाईने, संपादकाचा हात न फिरलेल्या कथांच्या 300 प्रती काढून त्या नातेवाइकांत वाटल्या, तर या दोन्ही वाटा तिने कथा नीट लिहायला शिकण्याआधीच आपण खर्ची घातलेल्या असतील.

उपजीविका मात्र हवीच, आणि हे तिलाही सांगा. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. आटपाडीजवळच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरी करत होते. नोकरी धरली म्हणजे लेखन सोडले, असे कोणी समजू नये. बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा, किंवा एम.ए. करून प्राध्यापकपदासाठीची नेट-सेट परीक्षा, हे मार्ग आपणास माहीत आहेत. मुद्रितशोधन आणि अनुवाद ही कामेही तिने पाहावीत. निवड तिची असावी.

आता तिच्यासाठी थोडे. तिने पुस्तकाचा विचार बाजूला ठेवून एकेक कथा मासिकांकडे आणि दिवाळी अंकांकडे पाठवावी. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, त्यामुळे मे-जूनपर्यंत कथा तयार हवी. कथा युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठवावी, एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी द्यावी, आणि कथेचे नाव, कोठे पाठवली, तारीख, उत्तर काय आले एवढे एका नोंदवहीत लिहावे. नकार आला तर पुन्हा वाचून दुरुस्त करावी आणि पुढच्या ठिकाणी पाठवावी. प्रत्येक कथेची एक प्रत घराबाहेर, ई-मेलवर किंवा मैत्रिणीकडे असावी. 2019 च्या महापुरात सांगलीत पुस्तकांचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. उत्साहाविषयी म्हणाल, तर तो वाचनातून आणि माणसांत मिसळून येतो. तिला ग्रंथालयाचे सभासदत्व घेऊ द्या. पलूस तालुक्यात औदुंबरला दरवर्षी संक्रांतीला साहित्य संमेलन भरते, तेथे तिला मैत्रिणींबरोबर श्रोता म्हणून जाऊ द्या. लिहिणारी चार माणसे भेटली की आपण एकटे नाही हे कळते, आणि विट्यातल्या खोलीत बसून तेवढेच कळत नाही.

राहिले 45,000 रुपये. भरू नका. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी प्रकाशकाने वेगळी रक्कम लावली असेल, तर तो क्रमांक भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, हे लक्षात घ्या. त्याने करार पाठवला असेल तर हक्क कोणते, किती काळासाठी आणि किती मानधनावर दिले आहेत ते पाहा; 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखीच असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते. म्हणजे आज बेफिकिरीने केलेली सही तिच्या कथा बराच काळ अडकवून ठेवू शकते. सवलतीची म्हणून सांगितलेली महिनाअखेरची तारीख निघून जाऊ द्या, हस्तलिखित त्याच्याकडे दिले असेल तर परत मागा, आणि नकाराचे पत्र आपण न लिहिता मुलीला लिहू द्या. कथांचे हक्क तिचे आहेत आणि ती सज्ञान आहे. प्रकाशकाशी बोलायची सवय तिला आत्तापासूनच लागलेली बरी.